वरच्या फळीवरचा चहाचा डबा

आपल्या मराठी मंडळाच्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय भैय्याजी, प्रमुख पाहुण्या शिल्पाताई, सत्कारमूर्ती श्री. देवीदास लांजेवार साहेब, त्यांच्या सौभाग्यवती बेबीवहिनी, आणि सेक्टरा-सेक्टरांतून, थेट जुनवानीहूनही स्कूटर काढून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वसुंधरा ढोके. कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसते. थोडक्यात बोला, असं भैय्याजींनी बजावलंय. स्वतः पाऊण तास बोलले, पण ते असो.

साहेबांचे गुण सगळ्यांनी सांगितले. मी त्यांची फजिती सांगते. सांगू ना साहेब? हसून राहिले, म्हणजे परवानगी आहे.

आमच्याकडे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं एक जुनं कार्ड आहे. मिलमधल्या तापलेल्या पोलादी पट्टीचं तापमान ते कॉम्प्युटरच्या मेमरीत नेऊन ठेवतं. स्वतःच ठेवतं, प्रोसेसरला न विचारता. चार जीबी मेमरीचा जुना कॉम्प्युटर थकला, तेव्हा साहेबांनी हट्टाने चौसष्ट जीबीचा मागवला. नारळ फोडला, पेढे वाटले. कार्ड त्यात बसवून पाहिलं तर स्क्रीन काय सांगते? लालबुंद पट्टी बर्फासारखी गार! शिवाय दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामचे आकडे बिघडले. नशीब, ही नुसती चाचणी होती.

साहेबांनी केबल बदलल्या, कार्ड पुसलं, कंपनीला फोन केले. जेवणावरची वासना उडाली. वहिनी साक्षीला आहेत.

आता मध्येच चहा. आमच्या खोलीत चहापत्तीचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असतो, कारण शेजारच्या खोलीतले लोक पत्ती पळवतात. साहेब सहा फुटी, मी ही अशी; म्हणून डबा रोज तेच काढायचे, तेच ठेवायचे. त्या दिवशी ते स्क्रीनमधून मान न काढता म्हणाले, "बाई, डबा जागेवर ठेवून द्या." हात पोचेना. पोचला तिथे, मधल्या फळीवर ठेवायला गेले, तर साहेबांचा टिफिन खाली पडला. वांग्याची भाजी फरशीभर! मला वाटलं, आता ओरडतात. तर हे टाळी वाजवून हसायला लागले.

"बाई, कार्डही हेच करून राहिलं ना! त्याले चार जीबीच्या वरचा पत्ता धरताच येत नाही. आपण वरची जागा सांगतो, ते अर्धाच पत्ता धरते अन् खाली दुसऱ्याच्याच जागेत नेऊन टाकते!"

मग काय केलं? खाली, चार जीबीच्या आत, कार्डासाठी थोडी जागा राखून ठेवली. कार्डाने तिथे ठेवायचं, प्रोसेसरने उचलून वर न्यायचं. कार्ड अजून काम करतंय.

आता थोडं माझं. घरी 'हे' गेल्यापासून कोणी नाही. मुलगी नीतू पुण्याहून फोन करते, "मम्मी, खाना खा लिया?" मी म्हणते, हो. झालं बोलणं! कारखान्यातल्या खोलीतही सगळी हिंदी. सकाळी एकटे साहेब विचारायचे, "बाई, कावून गप?" मग त्या चहावर माझी दिवसभराची मराठी व्हायची. वहिनी, तुमच्या सुनेच्या तक्रारीही मला तिथेच कळल्या, रागावू नका. रविवारी हे दोघं मुलाकडे बंगळुरूला चालले, कायमचे. आता मी गप का, हे कोण विचारणार? मले फार एकटं वाटून राहिलं, साहेब. एवढ्या लोकांसमोर सांगते.

काल साहेब निवृत्त झाले, कारखान्याचा गेटपास जमा केला. आज सकाळी मी खोलीत गेले, तर डबा खालच्या फळीवर. आजूबाजूचं सामान सरकवून, माझा हात बरोबर पोचेल अशी जागा करून ठेवलेली. कोणी केलं, विचारायला नको.

साहेब, मला राग आला. चांगलाच आला. डबा माझ्या हाताशी आला, म्हणजे तुम्ही आता येणार नाही हेच ठरलं ना! मी खुर्चीवर चढले आणि डबा परत वर ठेवून दिला.

मंडळाने बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. वहिनी, साहेबांना जपा. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर आपली समजून पोटात घाला. डब्याची तेवढी माफी मागत नाही. तो वरच राहील.