आलं पावणं की पन्हाळा!

आणि वर मलाच म्हणत्यात, "बाळासो, तुमची काय चैन बुवा! पन्हाळा दाराशीच!" चैन? अवो, चौऱ्याण्णव सालापास्नं पंधरा वर्सं गड चढलो मी, पण सोतासाठी एकदा तरी? आमच्या कोल्हापुरात रीतच हाय की... आलं पावणं की न्या पन्हाळ्याला! गारगोटीचा साडू पोटाचं दुखणं घिऊन डॉक्टरकडं आलता, त्याला बी नेला! तीन दरवाजापाशी झुणक्यासंगं चार भाकरी हाणल्या, वर म्हणतोय, "दुखायचं थांबलं बघा!"

मला सगळं तोंडपाठ... "ह्यो अंबरखाना, धान्याचं कोठार... ही सज्जाकोठी, हितं संभाजीराजं ऱ्हायलं... त्यो समोर जोतिबा... पावणं, कड्यापास्नं मागं सरा!" सरतंय कोण? प्रत्येकाला फोटो टोकावरच पायजे! छत्तीस फोटोंचा रोल, आणि मी एकात बी न्हाय. काढणारा मीच की!

आणि आमची बायको, क्रांती... शिरोळची लेक, सगळं रान सपाट, उसापरास उंच काय बघितलंच न्हवतं. लग्नात मी छाती काढून म्हणालतो, "तुला पन्हाळा दावतो!" पंधरा वर्सं झाली, तुम्हाला सांगतो, पंधरा! कारण गडावरनं पावणं भुकेलं उतरणार, मग रस्सा कोण करणार? आलं पावणं की मी पन्हाळ्याला, ही चुलीपुढं. कधी बोलली न्हाय. फोटो धुऊन आलं की मात्र एकेक निरखत बसायची... लई लाज वाटायची मला तवा, खरं सांगतो.

दोन हजार नऊला मीच घराला कुलूप लावलं, स्कूटर काढली, दोघंच! सज्जाकोठीवर ही भन्नाट वारं, खाली कडा, धुकं हळूहळू उठतंय... मी सवयीनं सुरू, "ही सज्जाकोठी, हितं..."

"गप बसा की जरा!"

अर्धा तास बोलली न्हाय. मग डोळं पुसून म्हणती, "एवढं लपवून ठेवलंसा व्हय माझ्यापास्नं?" माझ्याबी डोळ्याला पाणी आलं. असला पन्हाळा मी तवर बघितलाच न्हवता!

आठ दिसांनी तिची तानाबाई आत्या आली. मी स्कूटरची चावी घेतोय, तर ही चपला घालून दारात! "ऱ्हाऊ द्या, आम्ही वडापच्या जीपनं जातो. खोबरं काढून ठेवलंय, वाटून घ्या तेवढं."

झालं की! तवापास्नं तीच नेती. कड्यावर कुणाला अर्धा तास बोलू देत न्हाय म्हणं, तरी पावणं खूश! हितं खोबरं वाटताना मला त्यो वारा आठवतोय...

पावणं, तुमी बी उद्या तिच्यासंगंच की? जावा, जावा... रस्सा तिखट करू का मध्यम?