आमच्याकडे रक्तदाब नाही

बाबा : पट्टाच घट्ट बसला असेल, डॉक्टर. मी शिंपी आहे. माप चुकलं की रेशमी सदरासुद्धा काखेत रुततो.

डॉक्टर : म्हणूनच मुलांचा पट्टा वेगळा असतो. तुमच्या मुलीचा दंड मोजूनच तो लावला. वेगवेगळ्या आठवड्यांत तपासलं, आणि दर वेळी दाब चढाच निघाला.

आई : एकशे अडतीस म्हणजे चढा? माझ्या वडिलांचा एवढा आला की त्यांचे डॉक्टर शाबासकी देतात!

डॉक्टर : ते सत्तरीचे असतील. ही नऊ वर्षांची आहे. मुलांचं वय आणि उंची पाहून ठरवावं लागतं.

आई : माझी तर मतीच गुंग झालीय. मिठाची बरणी मी कधीच वरच्या फळीवर ठेवून दिली. अंगानं पोर काडी. मैदानावरून ओढून आणावी लागते. मग हे आलं कुठून?

डॉक्टर : तेच शोधतेय. मूत्रपिंडं सोनोग्राफीत व्यवस्थित दिसली. रक्तात पोटॅशियम मात्र थोडं कमी आहे. घरात आणखी कुणाला रक्तदाब?

बाबा : कुणालाच नाही. आमच्याकडे रक्तदाब नाही.

आई : यांच्याकडे राग आहे.

बाबा : आता ते इथं कशाला?

आई : का, खोटं आहे? डॉक्टर, यांच्या घरी पुरुषमाणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं आणि मगच वाईट बातमी सांगायची. सासूबाईंनी मला चूल नंतर दाखवली, हे आधी शिकवलं.

बाबा : घराणंच तापट आमचं. आजोबा चाळिशीतच भांडता भांडता गेले. थोरला भाऊ गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना दुकानात कोसळला. कात्री हातातच राहिली.

डॉक्टर : वय काय होतं भावाचं?

बाबा : चौतीस. मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणाले. आम्ही समजलो, रागानं घात केला.

डॉक्टर : त्यांचा दाब कधी मोजला होता?

बाबा : रागाचं काय मोजायचं, डॉक्टर?

डॉक्टर : बहुतेक घरांत अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. पण ऐन तरुणपणी एकामागून एक माणसं अशी जातात, तेव्हा कधीकधी एखादंच जनुक बदललेलं असतं. शरीर मीठ सोडत नाही, दाब चढतो. ते आई किंवा वडिलांत असेल, तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. तुमच्याकडे तसंच आहे, असं तपासल्याशिवाय म्हणणार नाही.

बाबा : पण ती रागावतच नाही हो! तेच मला उमगत नाही. कुणी पेन्सिल घेतली, तर ही मुकाट्यानं दुसरी काढते. झोपलेली दिसली की मी मनाशी म्हणायचो, आमच्यातलं ते काही या पोरीपर्यंत पोचलं नाही.

डॉक्टर : स्वभाव वेगळा आणि हा दाब वेगळा. तो चेहऱ्यावर दिसत नाही.

बाबा : म्हणजे भाऊ तापट नव्हता?

आई : होते हो, चांगलेच होते. पण त्यापायी गेले नसावेत, एवढंच म्हणतायत त्या.

बाबा : आणि आम्ही सगळे त्याला सांगायचो, शांत हो, शांत हो. बिचारा किती धडपडायचा शांत व्हायला.

डॉक्टर : मुलीवर उपचार आहेत. नेमकं कारण कळलं, तर नेमकी गोळी देता येईल. त्यासाठी आधी तुमचा दाब पाहायला हवा, रक्तही हवं.

बाबा : माझ्याकडूनच तिला गेलं असेल, तर ते मला कळायलाच हवं का?

आई : तुम्हाला नको असेल. मला हवंय. मला तुम्ही दोघंही हवी आहात घरात.

बाबा : तिला आत बोलव.

(मुलगी येते. बाबा बाही दुमडत असतात.)

मुलगी : अय्या, तुमचापण?

बाबा : माझापण. कसं वाटतं गं?

मुलगी : दुखत नाही. कुणीतरी दंड घट्ट धरल्यासारखं वाटतं, मग सोडून दिल्यासारखं. पाय टेकवा खाली. आणि आता बोलायचं नाही हं, बाबा. बोललं की आकडा चुकतो.