झाडावरचा सौदा

—थांब, पेन ठेव खाली. फॉर्म काही पळून नाही चालला. आधी बस. तिकडं नाही, तिकडं ऊन येते, इकडं, बाकावर. राजूची पोरगी ना तू? सावरगावचा राजू, मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकतो तो? तेच म्हटलं. कपाळ सगळं आजीचं आहे—केसरबाईही अशीच आठ्या घालून पाहायची माझ्याकडं, जसं काही मीच सरकार आहे आणि तिचा रुपया गिळून बसलो आहे. दामिनी. पाहा, नाव विसरलो नाही. आपल्या इथं पेन्शन बसली की लोक देवाधर्माला लागतात; मी तहसील कचेरीतून सुटलो तो पोस्टासमोरच्या या बाकाला लागलो. पोस्टात येणाऱ्यांचे फॉर्म भरून देतो, दहा रुपये घेतो, आणि घरचे सोडून सगळा गाव मला बाबूजी म्हणतो. आण पाहू. 'शिक्षणासाठी रक्कम काढणे.' नर्सिंग. नागपूर. वा! कॉलेजचं पत्रही जोडलं, फी किती तेही जोडलं. शिकलेल्या पोरीचा फॉर्म तपासायला मजा नाही, चूकच सापडत नाही. एकटीच आली? वडिलांना विचारलं होतं? नाही, नाही—सहज विचारलं. माणसानं सहज विचारलं तर एवढं दचकायचं नसते, बेटा.

हे खातं उघडलं तेव्हा तू एवढीशी होती, दुसरी-तिसरीत असशील. योजना नवीन निघाली होती. बाजाराच्या दिवशी रिक्षा फिरून राहिली होती, वर भोंगा—पोरीचं भविष्य घडवा, आजच खातं उघडा. या गावानं भोंग्यावर इतकी भविष्यं ऐकली आहेत की सगळी घडली असती तर ठेवायला जागा पुरली नसती. पण तुझी आजी आली. पोराचं, म्हणजे तुझ्या बापाचं मनगट धरून आली. मला म्हणते, "बाबूजी, पोट्टी मोठी होईपरेंत सरकार राहीन का?" मी म्हटलं, सरकार राहते बाई, माणसं बदलतात. उघडलं खातं. पहिल्या वर्षी हजार भरले, आणि दुसऱ्या वर्षी राजू आला तो हात हलवत—म्हणे बाबूजी, बंद करून टाका, पेट्या ठोकून पोट भरते, भविष्य नाही भरत. पण बंद कसं होणार? असं मधेच नाही होत. पोरगी मोठी झाल्याशिवाय त्या पैशाला हात लागत नाही. गरिबानं मोडून खाऊ नये म्हणून सरकारनं डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली कॅलेंडरात ठेवली. चांगलीच गोष्ट आहे, मी वाईट म्हणत नाही. फक्त एवढंच की ज्याला कॅलेंडर वाचता येते त्याला हेही समजते की कोणाचा डबा कधी उघडणार.

आता मला सांग, मग दरवर्षी पैसे भरले कोणी? बाबांनी? हं. दरवर्षी बारा हजार, एप्रिल उजाडला की, एकही वर्ष न चुकता—पेट्या ठोकून? बेटा, तुझ्या बापानं बारा हजार एका जागी पाहिले असतील तर ते दुसऱ्याच्या हातात. पुंडलिकरावांनी भरले. मोहगावचे पुंडलिकराव, संत्र्याचे व्यापारी, तुझा बाप ज्यांच्या पेट्या ठोकतो तेच. पाहत काय राहिली? भरायला नातं लागत नाही. जगात कोणाच्याही खात्यात पैसे टाकायला कोणी अडवत नाही, अडवतात ते काढायला. मीच आणून भरत होतो त्यांच्यातर्फे. मला काय मिळते? काही नाही. दिवाळीला एक पेटी संत्री. त्यातली वरची ओळ चांगली असते.

तू इथलीच, तुला बगीचा उक्ता कसा जातो ते सांगायला नको. झाडानं फूल धरलं की व्यापारी येतो, झाडांखालून एक चक्कर मारतो आणि शेतकऱ्याच्या हातात इसार ठेवतो. फळ अजून सुपारीएवढंही नसते. पण त्या दिवसापासून झाड शेतकऱ्याचं आणि फळ व्यापाऱ्याचं. पाणी तू दे, राखण तू कर, तोडायला आम्ही येऊ. पुंडलिकरावांचा जन्म यात गेला. तर राजू खातं बंद करायला आला त्याच वर्षी मला म्हणाले, "बाबूजी, पोट्ट्याईले पोरी भेटून नाही राहिल्या. सात एकराचा बगीचा आहे, पण पोरीच्या मायले नौकरीवाला पायजे, पुण्यातला पायजे. आमच्या वीरेंद्रचं कसं व्हाव?" वीरेंद्र त्यांचा पोरगा, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं धड. मी गमतीनं म्हटलं, मग फूल धरलं तेव्हाच घेऊन ठेवा. गमतीनं! पण व्यापाऱ्याला गंमत सांगू नये, तो तिचा भाव काढतो.

बापाला दोष नको देऊ. त्याला कोणी सोयरीक म्हटलं नव्हतं—पुंडलिकराव एवढंच म्हणाले, "पोरीले आपलीच समजतो." राजू म्हणाला, मोठी माणसं आहेत, पोरीचं कल्याण होईल. चहा झाला, एक नारळ झाला. कागद काही केला नाही. कागद केला असता तर गुन्हा झाला असता. नारळाचा गुन्हा होत नाही. मी कारकून माणूस, मला समजते. तुझ्या दहावीनंतर राजूला उलगडलं सगळं, तेव्हा आला होता इथं, इथंच बसला होता. मग म्हणे, बाबूजी, इतक्या वर्षांचे पैसे मी परत कुठून करू? मी म्हटलं, कोण मागून राहिलं परत? ते तर पैसे मागतच नाहीत. झालं, उठला, गेला. बापच आहे तो, दगड नाही. पण इसार घेतलेल्या माणसाला झोप लागते की नाही हे व्यापारी विचारत नाही.

म्हणून म्हणतो, हा फॉर्म राहू दे. आणि सरकारचंही गणित पाहा ना जरा—शिकायला काढशील तर अर्धेच मिळतात. लग्नाला पूर्ण खातं बंद करता येते, सगळे मिळतात. सरकारला समजते पोरीचं भविष्य कुठं आहे ते. तो दुसरा फॉर्म आहे माझ्याजवळ, लग्नाचा. भरून ठेवला आहे. तुझं नाव, जन्मतारीख, बापाचं नाव—अक्षर पाहा, छापल्यासारखं. लग्नाची तारीख तेवढी पेन्सिलनं टाकली आहे. खाली फक्त सही. कोणाची म्हणजे? बापाची होती तू अठराची होईपर्यंत, आता बापाची नाही चालत, पुंडलिकरावांची तर नाहीच नाही, खातं तुझं, तू नाही म्हटलं तर त्यातला एक पैसाही—हे तू मला काहून विचारून राहिली? मी आपला नियम सांगितला. जन्मभराची खोड, कोणी विचारलं की नियम सांगून मोकळा होतो. नियमाचं काय घेऊन बसली! माणसाला गावात राहायचं असते, नियमात नाही.

घर पाहशील तर हरखशील. दोन मजली, समोर ट्रॅक्टर, स्वयंपाकघरात काळी फरशी, आरशासारखा तुझा चेहरा दिसेल त्यात. सासू जरा तोंडाची आहे, पण तोंड कोणाच्या सासूला नाही? पाण्याचा त्रास नाही, अंगणात नळ, मागं मोटर, आणि विहिरीला आता कठडाही बांधला आहे, चांगला छातीएवढा, वरून लोखंडी जाळी. तशी काळजी नाही आता. आता म्हणजे? आता म्हणजे आता. पहिले नव्हता, आता आहे. कोणी पडलं असं मी म्हटलं का?

बरं. आज ना उद्या कोणी सांगेलच, उलटसुलट सांगेल; त्यापेक्षा मी नीट सांगतो. भाग्यश्री नावाची पोरगी होती, तिगावची. तुझ्याहून दोन वर्षं मोठी. तीही पुंडलिकरावांनीच घेतलेली—म्हणजे तिच्याही खात्यात तेच भरायचे. शहाणा व्यापारी एका बगीच्यावर बसत नाही. एकावर गारपीट झाली तर दुसरा हातचा असतो. वीरेंद्रशीच झालं तिचं लग्न. तू मघापासून विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही, लपवलं काही नाही. चार महिने संसार झाला, आणि एक दिवस सकाळी पाणी काढायला गेली, घसरली. हो, नळ होता. मोटरही होती. मग पाणी काढायला काहून गेली? मला काय माहीत, मी काय मोहगावात राहतो? पंचनामा झाला ना. सासूनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, गड्यानं सांगितलं—तिघांनीही अगदी त्याच शब्दांत सांगितलं, 'शेवाळावरून पाय सरकला.' मी कचेरीत जन्मभर लोकांच्या जबान्या उतरवल्या, दोन माणसं एक गोष्ट त्याच त्या शब्दांत सांगत नाहीत, कोणी समोर बसवून शिकवल्याशिवाय—जाऊ दे ते. फाईल बंद झाली. बंद फाईल आणि झाकलेलं पातेलं उगाच उघडू नये. चांगली पोरगी होती. ती पण अशीच आली होती एकटी, इथंच बसली होती, शिवणाचा कोर्स करायचा होता तिला छिंदवाड्याला. मी समजावलं. तुला समजावून राहिलो तसंच. ऐकलं तिनं. समजदार होती.

अशी काय पाहून राहिली? पाणी देऊ? हे बघ, सगळं काही लगेच थोडीच आहे. आज नुसते पाहायला आले आहेत ते. कुठं म्हणजे? तुझ्याच घरी. पुंडलिकराव, वीरेंद्र, सोबत एक मामा. सकाळपासून बसले आहेत, आणि तुझी आई सांगून राहिली की पोरगी मैत्रिणीकडं गेली आहे. भोळी आहे बिचारी. मैत्रिणीकडं जाताना कोणी कपड्यांची थैली नेते का? ही तुझ्या पायाशी आहे ती. पुंडलिकरावांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, येईल इकडंच. नागपूरला जायचं तर पैसे लागतात, पैसे पोस्टात, आणि पोस्टासमोर मी.

उठली काहून? बस ना. ओढू नको, फाटेल—हात कुठं धरला तुझा, फॉर्म धरला आहे. ओरडू नको, लोक पाहून राहिले. हं. घे. घे बाई, घे, मी ठेवून काय करू त्याचं? आणि दुसऱ्या पानावर सही राहिली आहे, ती कर, नाहीतर आतला बाबू वापस पाठवेल. काम करायचं तर नीट करावं. तू जा, मी एक फोन करतो तेवढ्यात.

हॅलो—पुंडलिकराव? हो, मीच. हो, आली आहे. पोस्टात. एकटी. नाही, नाही ऐकत. बोललो, सगळं बोललो, जरा जास्तच बोललो. तुम्ही कशाला त्रास घेता, वीरेंद्रला पाठवा, सावरगावाहून इकडं यायला नुसता पूल तर ओलांडायचा आहे. हो, मी आहे इथं.

आता तिथंच काहून उभी? जा ना. कर सही, काढ पैसे, नियम तुझ्या बाजूनं आहे, मीच सांगितलं. काय म्हणते? मागून? नाही, बेटा. मागून दार नाही पोस्टाला. जा.