वालाच्या मुळांवरच्या गाठी

— उपटा ना सायेब, अजून एक रोप उपटा, माझी काय ना नाय. पण गाठ दिसायची नाय. तुमी शेतकी खात्याची मानसं, तुमीच बोलला होतात — वालाच्या मुळांवर ज्वारीएवढ्या गाठी धरतील, फोडल्या की आत गुलाबी निघतील. नाय धरल्या. पण आमच्या मालकांना बोल लावू नका. तुमच्या बाटलीतले जंतू त्यांनी गुळाच्या पाण्यात कालवले, बियाण्याला चोळले, सावलीत सुकत घातले, सगळं सांगितलं तसं. मग ते गेले बदलापूरच्या बाजाराला, आन् मी — आता लपवून काय करू? घरात जंतू कसे ठेवायचे, आन् माझी वेणू बाळंतपणाला आलेली, पहिलटकरीण? चांगले जंतू असतात, मुळाच्या केसातनं आत शिरतात, तिथंच बिऱ्हाड करतात, हवेतलं खत ओढून झाडाला देतात — ऐकलं मी, पटलं पण. पण माझा आनंदा गेला ना, तेव्हा दवाखान्यात पण हाच शब्द बोलले होते. पाण्यात जंतू होते, बोलले. सात वर्षांचा होता. आता शिरनारा जंतू चांगला का वाईट, मी कसं वळखू?

म्हणून सगळ्या बियाण्याला पूड चोळली. ढेकनं मारायची, पांढरी, कॅम्पातल्या दुकानातनं आनलेली — दुकानदार बोलला, बाई, हिच्यापुढं काय जित्तं राहात नाय. तसंच झालं. मेले तुमचे जंतू. चुकलंच माझं.

उरलेलं बियाणं? ते कशाला पायजे तुमाला? फार नव्हतं, शेरभर होतं गाडग्यात. वेणूनं बिरड्याचा ध्यास घेतलेला — परवा भिजत घातलं, मोड पण झकास आले, काल दुपारी सोलून शिजवलं — तुमी उभे का राहिलात? चार पान्यांनी धुतलं, सायेब. वास गेला होता. धुतल्यावर जातं ना ते? मला उपास होता, मालकांना वाल चालत नाय, तिनं एकटीनंच खाल्लं, पोटभर. रातभर ओकली. मी बोलले, दिवस भरलेत, होतं असं. आता निजलीय. सकाळधरनं निजलीय —

आत कुठं निघालात? नाय, आत नका येऊ. तुमी जावा, टांगा बघा, डाक्टर बघा, जावा. वेणू? ए वेणू —