आपल्या माणसानं बघून दिलेली जीप

उशीर, उशीर, उशीर! अहो ताई, पातेलं खाली ठेवा आधी, दूध देतो, पण आज ऐकून घ्यायचं. रोज तुम्ही सगळे गेटवर बोलता आन् मी मान खाली घालून माप ओतत बसतो, आज नाय! काय म्हणल्या काल तुम्ही? ‘सोमनाथराव, जीप घेतली तवापासनं तुमचं दूध जास्तच उशिरा यायलंय!’ खरंय! एकदम खरंय! पण का यायलंय हे विचारलं का कुणी? तुम्हाला सांगतो, परक्यानं फसवलं असतं ना, तर त्याच्या दारात उभा राहून अख्खी गल्ली गोळा केली असती मी. पण आता बोंबलायचं कुणाच्या नावानं? आपलाच माणूस!

आता बघा, हे दूध येतं कुठून? पैठणच्या पलीकडं आमची वस्ती हाय. तिथं थोरला भाऊ कडुबा म्हशी सांभाळतो, इथं गारखेड्यात मी रतीब घालतो, वडलांनी लावलेली लाईन हाय, ऐंशी घरं! वस्तीपासनं डांबरी रस्ता दीड किलोमीटर, आन् मधी काळ्या मातीची पाणंद. कोरडी असली की फरशी बघा नुसती. पण कालव्याला पाणी सुटलं, पाट फुटला, पाणी पाणंदीत आलं, की ती पायातला बूट ठेवून घेती, माणूस तेवढा सोडती! कडुबादादा मोटरसायकलीला कॅन बांधून त्यातनं डांबरीवर माझ्यापर्यंत यायचा. दोनदा पडला. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. प्लास्टरचा हात माझ्या नाकापुढं नाचवून म्हणला, “सोम्या, पुढच्या पाण्याच्या पाळीला गाडी वस्तीवर आण. नाय आली, तर दूध मी गावातल्या डेअरीला घालणार. तुझी लाईन तू बघ!” लाईन गेली तर मी करू काय ताई? सत्तेचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या गेटवर शिट्टी फुंकू?

म्हणून फोर बाय फोर! चारी चाकांना जोर असणारी, जुनी, स्वस्त, कॅन वाहणारी, चिखलातनं निघणारी. आता मला काय कळतं त्यातलं? मला म्हशीचे दात कळतात. पण घरात माणूस होता ना! माझा साडू, इंद्रजीत. पैठणला साड्यांचं दुकान हाय त्याचं, पण मन दुकानात नाय. स्वतःची जीप हाय, रविवार आला की डोळ्याला गॉगल, हाताला बोटं कापलेले मोजे, आन् चालला म्हैसमाळच्या डोंगरात, जिथं रस्ता नाय तिथं मुद्दाम! घरचा रस्ता सोडून दगडात गाडी घालायला पेट्रोलपाणी खर्चणारा माणूस, म्हणजे त्याला किती कळत असंल? मी म्हणलं, राव, तुम्हीच बघून द्या. तर छातीवर हात ठेवून म्हणला, “भाऊ, तुम्ही डोळे मिटून ऱ्हावा. मी आपलाच माणूस हाय!” मिटले. तिथंच मिटले!

माझं बजेट दोन म्हशी. हसता काय? दोन म्हशी विकायच्या आन् त्यात गाडी बसवायची, साधा हिशोब. पहिली दाखवली मिल्ट्रीच्या लिलावातली, पेट्रोलवरची. मालक म्हणला, “रणगाड्यागत हाय!” म्हणलं, पिते किती? तर म्हणला, “ते विचारू नका!” दुसरी दाखवली मागं डबा असलेली पिकअप, काय चकाकत होती! किंमत अख्खा गोठा, वर वासरू. तिसरीला टायरं एवढाली, टपावर आठ दिवे, सगळं झ्याक, फक्त कागदपत्रं नव्हती. “कागदं येतील हो!” कधी? “येतील हो!” आन् मग इंद्रजीतनं नेलं मुकुंदवाडीला, मुनीर मिस्त्रीच्या गॅरेजवर. तिथं विकायला लावलेली एक हिरवी डिझेल जीप. किंमत बरोब्बर दोन म्हशी! मला तवाच शंका यायला पाहिजे होती.

मुनीर मिस्त्रीनं बोनेट उघडलं, इंजिनाला डॉक्टरवानी कान लावला, म्हणला, “इंजन कू देखना नै भाई, एकदम मख्खन हय!” मी आत बसलो. गिअरच्या शेजारी तो छोटा दांडा, फोर बाय फोरचा. मागं ओढला... खट्ट! काय आवाज व्हता! अंगावर काटा आला माझ्या. मग टेस्ट घेतली. कुठं घेतली? बीड बायपासवर! डांबरावर! चिखलासाठी गाडी घ्यायची आन् बघायची डांबरावर, असला शहाणा मी! इंद्रजीत शेजारी बसून म्हणतो, “बघा कशी चिकटून चालती रस्त्याला!” डांबराला चिकटून तर आमची सायकलपण चालती की हो!

दोन म्हशी गेल्या. एक तर अशी गरीब की टेम्पोत चढताना वळून माझ्याकडं बघत व्हती. जीप दारात आली. रत्नमालानं, माझ्या बायकोनं, ओवाळलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली चार लिंबं ठिवली. त्यातली पुढची दोन लिंबं फुकट गेली, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

तीन आठवड्यांनी कालव्याला पाणी सुटलं. मी पहाटे खुशीत. गाडी रिकामी व्हती म्हणून कोरड्या बांधावरनं कसाबसा वस्तीवर पोचलो, कॅन भरले, आन् भरल्या गाडीनं पाणंदीत घुसलो. दांडा ओढला, खट्ट! आन् पन्नास पावलांवर मागची दोन चाकं गरागरा फिरायलीत, चिखल पार कडुबादादाच्या धोतरापर्यंत... आन् पुढची दोन? लग्नात रुसलेल्या जावयागत गप! हलंनात! बांधावरनं दादा ओरडतो, “अरे दांडा ओढ की!” ओढलाय! “अजून ओढ!” अहो उपटून हातात येईल आता! “आधीची मोटरसायकल बरी व्हती रे, निदान पडायची तरी पुढं!”

फोन लावला कुणाला? आपल्याच माणसाला! आला. वीस मिनिटांत आला, खोटं बोलणार नाय. पण दोरी काढायच्या आधी मोबाईल काढला आन् लागला बोलायला, “नमस्कार मित्रांनो, आज आपण एका अडकलेल्या शेतकरी बांधवाला बाहेर काढायलोय!” शेतकरी बांधव? अरे साडू म्हण की मेल्या! दोरी बांधली, मोबाईल दादाच्या हातात दिला, आपल्या जीपचा दांडा खट्ट, आन् तुम्हाला सांगतो, त्याची चारी चाकं चिखल चावत निघाली, आन् मागनं मी, दोरीला बांधलेल्या वासरागत. दादाचे डोळे भरून आले. “सोम्या, साडू असावा तर असा!” त्या दिवशी दूध अकराला आलं आन् निम्मं नासलं, आठवतंय? तुम्हीच परत केलं व्हतं.

दुपारी गेलो मुकुंदवाडीला. मुनीर मिस्त्रीला म्हणलं, बाबा, पुढच्या चाकांना जोर का नाय? तर खाली वाकलासुद्धा नाय तो, चहा पीत पीत म्हणला, “जोर कहाँ से आइंगा भाई? सामने का शाफ्ट इच नै हय!” नाय? म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत न्यायचा जो लोखंडी दांडा असतो खाली, तोच नाय? कुठं गेला? “मैंइच निकाला. इंद्रजीतभाई का टूट गया था ना, उनकी जीप कू लगाया. वो बोले, साडूभाऊ कू मालूम हय, उनकू दूध लाना हय, फोर बाय फोर क्या करना!” आरं पण तू मला सांगायचं नाय का? “तुम पूछे कहाँ? तुम इंजन पूछे. इंजन मख्खन हय!”

विश्वास बसंना माझा. मिस्त्री म्हणला, आपल्या हातच्या शाफ्टला मी पिवळा पट्टा मारतो, बघा. म्हणून मोबाईलवर तो व्हिडिओ उघडला, मला बाहेर काढतानाचा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला, साठ जणांनी हात जोडलेला. सावकाश करून बघितला. इंद्रजीतची जीप माझ्यापुढं चढ चढायलीय, आन् तिच्या पोटाखाली पिवळा पट्टा गरगर, गरगर, गरगर... माझा शाफ्ट! माझ्या दोन म्हशींचा शाफ्ट मलाच ओढायलाय, आन् वर मी व्हिडिओत हात जोडून त्याचे आभार मानायलोय! तवा मात्र गाडीत बसून रडलो बघा. गाडीचं सोडा हो. त्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी बंद पडली तवा भर उन्हात मी धक्का मारलाय, मी! आन् मलाच?

गेलो दुकानात. म्हणलं, का रे बाबा? तर पैठणीची घडी घालत, डोळ्यांत डोळे घालून म्हणतो, “भाऊ, तुम्हाला कुठं डोंगर चढायचाय? नवीन शाफ्ट मागवलाय, आठ दिवसांत येतो. आन् अडकलात तर मी हायच की, एक फोन करा. आपलाच माणूस!” त्या आठ दिवसांना आता पाच महिने झाले. घरी भांडायचं म्हणलं, तर रत्नमाला म्हणते, “अहो, माझ्या धाकट्या बहिणीचं, श्रेयाचं घर हाय ते. लोखंडाच्या दांड्यापायी तिला माहेर तोडायला लावता का?” आता हिला कोण सांगणार, की दांडा लोखंडाचा असला तरी लागलाय माझ्या काळजाला!

मग मी काय केलं? त्याचं बोलणं मनावर घेतलं. ‘एक फोन करा’ म्हणला ना? करतो! कालव्याचं पाणी सुटलं की रोज पहाटे साडेचारला करतो. आधी अडकल्यावर करायचो, आता अडकायच्या आधीच करतो, पैठणच्या पुलावरनंच, “इंद्रजीतराव, उठा, अडकायला चाललोय!” येतो बिचारा. आता गॉगल नाय, मोजे नायत, व्हिडिओ तर पहिल्या आठवड्यातच बंद झाला, लुंगीवर येतो. डोंगरात जायचं सोडलं, रविवारी झोपतो म्हणे. पण गाडी वस्तीवर पोचते, दादाचं दूध डेअरीला गेलं नाय, लाईन ऱ्हायली. फक्त दोरी बांधायची, सोडायची, परत बांधायची, ह्याच्यात जातो पाऊण तास, तोच हा तुमचा उशीर.

म्हणून म्हणतो, बोलू नका ताई. मागची दोन चाकं माझी, पुढची दोन त्याची, मधी दोरी. दोन म्हशीत ह्याच्यापेक्षा वेगळी फोर बाय फोर येत नसती. करा पातेलं पुढं... लिटर का दीड?