कॉम्प्रेसरशिवायचा बर्फ

...नाही नाही, थंडी मला शिकवू नका! जो उठतो तो मला थंडी शिकवतो, अरे काय चाललंय काय? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं... चौतीस! शीतगृहात काढली मी, उणे अठरा अंशात, तुम्ही गोठवलेल्या मटाराचं पाकीट आणता ना घरी, त्या मटारानं खाल्ली नसेल एवढी थंडी मी खाल्लीय, मटार आपला सहा महिन्यांत सुटतो हो, मी रिटायर होईपर्यंत आतच! आणि बर्फाच्या सफरीवर जाणाऱ्या त्या जहाजाचा डॉक्टर, ज्याचं तोंड मी पाहिलं नाही, ज्यानं माझं पाहिलं नाही, तो मला कळवतो की आपली प्रकृती अतिशीत हवामानास योग्य नाही. मला! मी काय आइस्क्रीम आहे, आज चांगलं, उद्या खराब?

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, जन्म गेला बर्फात तर सुट्टीला परत बर्फाकडेच कशाला तडमडतोस? हिचंही तेच. ही म्हणजे आमची सौभाग्यवती, जी पंखा दोनवर असला तरी शाल घेते, ती म्हणाली, "अहो, लोक रिटायर झाल्यावर ऊन खायला जातात." जातात ना, जाऊ देत! पण तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं डोक्यात एकच भुंगा... कॉम्प्रेसर चालू आहे ना? कॉम्प्रेसर बंद पडला की बर्फाचं पाणी, पाण्याची बोंब, आणि बोंब माझ्या नावानं! जेवताना कान तिकडे, झोपेत कान तिकडे, मुलीच्या लग्नात अक्षता पडताना मी फोनवर विचारतोय, "प्रेशर किती आहे?" म्हटलं मरायच्या आधी एकदा असा बर्फ बघायचा ज्याच्यामागे कॉम्प्रेसर नाही. आपोआप झालेला, आपोआप राहिलेला, आणि वितळला तर वितळला, माझ्या बापाचं काय जातंय! त्याच्यासमोर नुसतं उभं राहायचं, हात खिशात घालून, हिच्या शेजारी. बास. एवढंच मागितलं होतं हो. ही म्हणाली, "तुमच्याबरोबर मी कधी कुठे गेलेच नाही, बर्फ तर बर्फ." खरंच होतं ते.

गेलो प्रवासी कंपनीत. आत पुठ्ठ्याचा पेंग्विन, आणि एसीचा गॅस संपलेला, मला आवाजावरून कळलं, काउंटरवरच्या बाईंना सांगितलंही, त्या म्हणाल्या, "आधी तुमच्या आवडीनिवडी सांगा सर." चार पानांचा फॉर्म! तुम्ही साहसी आहात की निवांत? पक्षीप्रेमी की छायाचित्रकार? छोट्या होडीत वल्हं मारणार का? बर्फात तंबू ठोकून राहणार का? मी म्हटलं, "बर्फ बघायचाय." "हो सर, पण तिथं करायचं काय?" "बघायचा." "बघून?" "परत बघायचा!" बाई फॉर्म वरपासून खालपर्यंत चाळतायत, उलटा करून चाळतायत, 'नुसतं बघणे' असा रकानाच नाही! शेवटी त्यांनी मला पक्षीप्रेमीत टाकलं. मला चिमणी आणि साळुंकी यातला फरक सांगता येत नाही, पण ठीक आहे, जहाजावर न्या म्हणजे झालं. वर बाई मला समजावतात, "सर, तिथं ना, फार थंडी असते बरं का, एकावर एक कपडे घालायचे." थंडी मला शिकवू नका! बोलणार होतो. हिनं टेबलाखालून पाय दाबला.

आणि मग आला तो आरोग्याचा फॉर्म. इथं घात झाला.

आता आमच्या शीतगृहाची पद्धत तुम्हाला सांगतो, म्हणजे कळेल. चेंबरच्या दाराला एक रजिस्टर टांगलेलं. आत किती वाजता गेलात, बाहेर किती वाजता आलात, काही झालं का, सगळं लिहायचं. शिंक आली, लिहा. हातमोजा फाटला, लिहा. कारण लिहिलं ते झालं, नाही लिहिलं ते झालंच नाही, आणि झालं असून लिहिलं नाही तर ते तुमच्या गळ्यात! चौतीस वर्षं हा मंत्र जपलेला माणूस मी, माझ्यासमोर फॉर्म ठेवलात, वर लिहिलंत 'कृपया काहीही लपवू नये'... अहो, मी कशाला लपवतोय? जागा पुरेना म्हणून तीन पानं जास्तीची जोडली! ब्लडप्रेशर लिहिलं, गोळी लिहिली, गोळी जेवणाआधी की नंतर तेही लिहिलं. घोटा मुरगळलेला लिहिला. आणि... अकरा वर्षांपूर्वी चेंबरच्या दाराचा दांडा आतून अडकला, मी चाळीस मिनिटं आत, बाहेर काढलं तेव्हा बेशुद्ध, तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं गारठ्यात पांढरी पडतात... तेही लिहिलं. तारखेसकट.

ही तिकडं स्वतःचा फॉर्म भरतेय. गुडघेदुखी? नाही. मी म्हटलं, "अगं, जिना चढताना आई आई करतेस!" तर म्हणे, "त्यांनी विचारलंय सध्या त्रास आहे का. सध्या मी बसलेय. बसल्यावर मला काहीही होत नाही." खोकला? नाही, कारण तो रात्री असतो, फॉर्म दुपारी भरतोय. पाच मिनिटांत ही बाई कागदोपत्री ऑलिम्पिकला जायला तयार! आणि मग उत्साहानं माझी पानं वाचायला घेतली.

वाचता वाचता थांबली. पान खाली ठेवलं. म्हणाली, "चाळीस मिनिटं?"

मी पेनाला टोपण लावलं.

"त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, हिशेबाला उशीर झाला. मी भाजी गरम करून वाढली. तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा उष्ट्या हातानं उचललात, डावा मांडीवर ठेवला होतात. अकरा वर्षं मला कधी सांगितलं नाहीत?"

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघावं? "रजिस्टरमध्ये लिहिलं होतं!"

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. बरोबर आहे तिचं. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं? तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते पान काढून टाका, मग पाठवा." मी म्हटलं, "तसं करता येत नाही." पाठवला. तीन जास्तीच्या पानांसकट! आणि आलं ते उत्तर. जहाजावर दवाखाना एवढासा, जवळचं इस्पितळ तीन दिवसांवर, सबब आपण अयोग्य. आणि ही? योग्य! पंख्याखाली शाल घेणारी योग्य!

ती म्हणाली, आपण रद्द करू. मी म्हटलं, नाही, तू जा. आता हे म्हणायचं असतं म्हणून म्हणतो हो माणूस! समोरच्यानं 'छे, तुमच्याशिवाय?' असं म्हणायचं असतं, मग आपण दोनदा आग्रह करायचा, मग दोघांनी घरी बसायचं. ती शाल सावरत म्हणाली, "बरं." बरं! माझ्या जागेवर माझी मेहुणी, तिची बॅग तर बहुतेक माझ्या लग्नापासूनच भरलेली होती. जाताना मला म्हणते, "भाऊजी, फ्रिज उघडून बसा, तेवढंच समाधान!"

नऊ दिवस काही नाही. आज सकाळी जहाजावरून फोन, आवाज तुटतोय, मधेच वारा. म्हटलं, "बर्फ कसा आहे?" म्हणाली, "पांढरा." घ्या! ह्यासाठी माणूस पाठवला! मग म्हणे, "अहो, थंडीत आधी कान झाकायचे, बोटं सारखी हलवत राहायची..." थंडी मला शिकवू नकोस, म्हणणार होतो, तर तिचा आवाज एकदम बारीक. "अहो, तिथं बर्फावर काहीच चालू नाही हो. कसलाच आवाज नाही. मला तुमची फार आठवण आली. आणि बोटीतून बर्फावर उतरताना इथंही रजिस्टर आहे, तुमच्यासारखंच. मी माझं नाव लिहिलं, आणि खाली तुमचं लिहिलं. लिहिलं म्हणजे झालं ना?"

माझं... काय सांगू तुम्हाला. पाणीच आलं डोळ्यांत. म्हटलं, "झालं गं, झालं." मग सवयीनं विचारलं, "आणि बर्फावरून परत येताना बाहेर पडल्याची वेळ लिहिलीस ना?"

मग म्हणाली, "माझी लिहिली."

तेव्हापासून चार तास झाले. जहाज जागेवर उभं आहे. एक माणूस कमी भरतोय म्हणून तीन होड्या सोडल्यात, भोंगा वाजवतायत, माझ्या नावानं हाका मारतायत, ही सांगतेय ते घरी आहेत, कुणी ऐकायला तयार नाही, मेहुणी फोनवर रडतेय, तो डॉक्टर स्वतः दुर्बीण घेऊन उभा आहे. आणि ते बरोबरच करतायत, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. कारण नोंदीप्रमाणे मी आत गेलोय, बाहेर आलेलो नाही. तेव्हा मला कुणी आता चहा विचारू नका, बाजारात पाठवू नका, आणि थंडी तर अजिबात शिकवू नका... मी सध्या बर्फावर आहे.