डेलबर्टची बायको वारली

सॅन फ्रान्सिस्को, एकोणीसशे सदुसष्ट साल. दारू सोडणाऱ्यांची सभा नुकतीच संपली होती. ट्रामच्या रांगेत माझ्यापुढे दोघे बोलत होते.

"डेलबर्ट, तुझी बायको वारली म्हणे?"

"गप रे ऑरिन. वॉल्टर घरी बटाटे सोलतोय."

"मग मारलीस कशाला तिला?"

"काय करू? सभेत उभं राहून सगळं खरं सांगायचं, त्याशिवाय दारू सुटत नाही म्हणतात. मी वॉल्टरची विल्मा केली, बाकी सगळं खरं. तर सभेतल्या बायका मॅकरोनीचं भांडं घेऊन विल्माला भेटायला घरी निघाल्या!"

"मग?"

"मग न्यूमोनियाने मारली तिला. आता सभेकडून दारात पुष्पचक्र आलंय. वॉल्टरनेच सही करून घेतलं."

"हा हा हा!"

"हसू नकोस, गाढवा. आज सगळे माझ्या गळ्यात पडून रडले, आणि मला नुसती बाटली दिसत होती. खरं बोललो तर हाकलतील, खोटं बोललो तर पिईन. कुठं मरू?"

"बुधवारी माझ्या घरी ये. आपली वेगळी सभा भरवू. तिथं वॉल्टरला वॉल्टर म्हण."

"दोघांची कसली सभा?"

मी मागून म्हणालो, "बुधवारी किती वाजता? माझ्याही बायकोला दाढी आहे."